कॉलेजातला फॉरवर्ड प्रो होईल का, हे आम्ही कसं बघतो

ताई, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी लिहितो. भाचा अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, म्हणजे डिव्हिजन वनमधल्या एका मधल्या फळीच्या कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांच्या गटात) फॉरवर्ड (कडेनं आणि बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) खेळतो, उंची ६ फूट ७ इंच, तिसरं वर्ष चालू, मॅचला १७ पॉइंट ९ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल), थ्री पॉइंटर (लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट) ४१ टक्के. एक एजंट म्हणतोय आत्ताच ड्राफ्टला (एनबीए, म्हणजे अमेरिकेतली मोठी प्रो लीग, तिच्या टीम नवे खेळाडू निवडतात तिथे) नाव टाक, दुसरा म्हणतोय हा 'ट्वीनर' आहे अजून एक वर्ष थांब, आणि घरात आई-बाबांना झोप नाही. तुम्हाला हवंय ते एवढंच की हे लोक ठरवतात तरी कशावरून.

मी पुण्याचा, डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर खेळत वाढलो, आणि आता सोळा-सतरा वर्षं झाली अमेरिकेत राहून कॉलेजचे खेळाडू बघायचं काम करतोय, जास्त करून युरोप आणि जपानच्या क्लबांसाठी, आणि त्यातही फॉरवर्डच जास्त. तर लांबलचक लिहिणार आहे, निवांत वाचा.

सगळ्यात आधी ते १७ पॉइंट बाजूला ठेवा. त्याला किंमत नाही असं म्हणत नाहीये, पण आमच्यातला कोणीच तिथून सुरुवात करत नाही. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेच्या वर टीम आहेत, प्रत्येकीत तेरा ते पंधरा पोरं, म्हणजे साडेचार-पाच हजार खेळाडू झाले. ड्राफ्टमध्ये जागा जास्तीत जास्त ६०, त्यातल्या बऱ्याच परदेशी पोरांकडे जातात. एनबीएच्या ३० टीम, प्रत्येकी १५ खेळाडू आणि वर तीन टू-वे कॉन्ट्रॅक्ट (एनबीए आणि तिच्या खालची लीग, दोन्हीकडे खेळायचे करार), आणि त्या जागांवर आधीच माणसं बसलेली आहेत. मॅचला १७ पॉइंट करणारे दरवर्षी शंभराच्या वर असतात. मग निवड पॉइंटवर कशी होणार?

कॉलेजात भाचा टीमचा पहिला माणूस आहे, बॉल त्याच्याकडे येतो, प्ले त्याच्यासाठी काढतात, चुकला तरी कोच बाहेर बसवत नाही. वरच्या लेव्हलला तो आठवा नाहीतर नववा माणूस असणार, बॉल दुसऱ्याच्या हातात आणि हा कोपऱ्यात उभा. म्हणून मी वहीत पानाच्या वर दोनच प्रश्न लिहितो आणि बाकी सगळं त्याच्याखाली. हा कोणाला गार्ड करणार? आणि बॉल हातात नसताना याचा टीमला उपयोग काय? या दोन प्रश्नांची उत्तरं सापडली तर पोरगा प्रो आहे, मग पॉइंट ११ का असेनात. नाही सापडली तर २५ पॉइंट असले तरी मी गप्प बसतो.

उदाहरण देतो. अॅडम मॉरिसन, गोन्झागाचा, २००५-०६ च्या सीझनमध्ये मॅचला २८.१ पॉइंट, शार्लटनं तिसऱ्या नंबरला घेतला. डग मॅकडरमट, क्रेटनचा, चार वर्षांत ३,१५० पॉइंट, २०१४ ला अकरावा गेला. दोघंही कॉलेजात पॉइंटचा पाऊस पाडणारे फॉरवर्ड, दोघंही पायानं फार चपळ नाहीत. मॉरिसनचा सगळा खेळ बॉल हातात घेऊन स्वतःचा शॉट बनवायचा, आणि वर गेल्यावर तो बॉल त्याला मिळेना, शिवाय दुसऱ्याच सीझनआधी त्याचा गुडघा गेला, ते दुर्दैव होतंच, ते धरायलाच हवं. मॅकडरमट मात्र कॉलेजातच स्क्रीनवरून (साथीदार समोरच्याची वाट अडवून उभा राहतो, त्याच्या आडून) पळत येऊन बॉल धरला की सोडला असा खेळायचा, म्हणजे आठव्या माणसाचं काम त्याला आधीच येत होतं. तो स्टार झाला नाही पण दहा सीझनच्या वर एनबीएत टिकला. एजंटला विचारा, भाच्याचं ते छोटं काम कोणतं? एका वाक्यात सांगता आलं नाही तर त्यानं पोराला नीट बघितलेलंच नाही.

आता 'ट्वीनर'. हा शब्द ऐकून घाबरू नका, पण त्याच्यामागचा अर्थ समजून घ्या. म्हणजे मोठ्या फॉरवर्डला अडवायला उंची-ताकद कमी आणि लहान फॉरवर्डच्या मागे धावायला पाय कमी, असा मधल्या मध्ये लटकलेला. पूर्वी हा शब्द लागला की विषय संपायचा. आता टीम सारखं स्विच करतात, म्हणजे स्क्रीन लागली की माणसं अदलाबदल, त्यामुळे दोन्ही जागा गार्ड करणारा ६ फूट ७ चा पोरगा सगळ्यांनाच हवाय. उंची तीच, वजन तेच, फक्त उत्तर 'दोन्ही' आहे की 'एकही नाही', यावर सगळं ठरतं. आणि हे आकड्यात दिसत नाही हो, व्हिडिओ लावून बसावंच लागतं.

मी हे कुठून शिकलो ते सांगतो, कारण माझ्यासाठी अख्ख्या कामाचा धडा त्यात आहे.

२४ मार्च २०११, कॅलिफोर्नियात अॅनाहाइम, एनसीएए (कॉलेजच्या खेळांची संघटना) टूर्नामेंटचा स्वीट सिक्स्टीन, म्हणजे शेवटच्या सोळा टीमची फेरी. एका संध्याकाळी एकाच हॉलमध्ये दोन मॅच. एकीत सॅन डिएगो स्टेट विरुद्ध कनेटिकट, दुसरीत अॅरिझोना विरुद्ध ड्यूक. सॅन डिएगो स्टेटकडे क्वाय लेनर्ड, जो पुढे एनबीएतला मोठा स्टार झाला, आणि अॅरिझोनाकडे डेरिक विल्यम्स. दोघंही सदर्न कॅलिफोर्नियाचेच, दोघंही दुसऱ्या वर्षाला, वयात जेमतेम एक महिन्याचा फरक, दोघंही फॉरवर्ड. अशी जोडी प्रयोगशाळेत पण बनवता येणार नाही. त्या रात्री विल्यम्सनं आदल्या वर्षीच्या चॅम्पियन ड्यूकविरुद्ध ३२ पॉइंट मारले, त्यातले २५ पहिल्या हाफमध्येच, आणि ड्यूक घरी गेली. सॅन डिएगो स्टेट हरली, तो सीझन त्यांचा ३४-३ असा संपला. तीन महिन्यांनी ड्राफ्ट झाला, विल्यम्स दुसऱ्या नंबरला मिनेसोटाकडे, लेनर्ड पंधराव्या नंबरला, इंडियानानं घेऊन लगेच सॅन अँटोनियोला देऊन टाकला. मी तेव्हा या कामात नवखा होतो, आणि माझ्याही वहीत विल्यम्स खूप वर आणि लेनर्ड खाली होता.

का होता? थ्री पॉइंटरमुळे. विल्यम्स त्या सीझनला थ्रीला ५६.८ टक्के, लेनर्ड २९ टक्के. एवढा फरक बघितल्यावर कोण काय बोलणार. पण जरा आत बघा. विल्यम्सनं अख्ख्या सीझनमध्ये थ्री मारले होते ७४, त्यातले ४२ बास्केटमध्ये गेले. चौऱ्याहत्तर म्हणजे किती, प्रॅक्टिसमध्ये पोरं अर्ध्या तासात मारतात. साधा हिशोब सांगतो, ज्याची खरी लायकी ३५ टक्क्यांची आहे अशा शूटरनं ७५ शॉट मारले तर एका सीझनला २२ जातील, दुसऱ्याला ३० जातील, म्हणजे कधी २९ टक्के दिसेल कधी ४०, आणि पोरगा तोच, हातही तोच. विल्यम्सचा ५६.८ तर असा होता की जगात कोणीच सातत्यानं तेवढा मारत नाही, म्हणजे त्यात नशिबाचा वाटा मोठा असणार हे तिथेच कळायला हवं होतं. फ्री थ्रो मात्र त्यानं तीनशेच्या वर मारलेले, आणि तिथे तो ७५ टक्क्यांच्या आसपास. लेनर्ड फ्री थ्रोला? तोही ७५ च्या आसपासच. फ्री थ्रोला समोर कोणी हात वर करून नसतो, अंतर बदलत नाही, दम खाऊन मारायचा, म्हणजे हाताची मूळ जात तिथे दिसते. त्या आकड्यानं त्याच वेळी सांगितलं होतं की नेमबाजीत दोघांत तुम्हाला वाटतोय तेवढा फरक नाहीये. पुढे विल्यम्सचा एनबीएतला थ्री साधारण ३० टक्क्यांवर राहिला, आणि सॅन अँटोनियोत चिप एंगलँड या शूटिंग कोचनं लेनर्डचा शॉट दुरुस्त केला, बॉल डोक्यावरून सुटायचा तो पुढे आणला, आणि पहिल्याच सीझनला तो थ्रीला ३७ टक्क्यांच्या वर गेला.

म्हणून ताई, भाच्याचे ४१ टक्के सांगितलेत ते ठीक, पण किती मारले ते कुठे सांगितलंत? दोनशे मारून ४१ असेल तर मी खुर्चीत सरळ बसेन. साठ मारून असेल तर मी फक्त 'बरं' म्हणेन. आणि कसे मारले तेही बघतो. पाय रोवून, मोकळा, कोणी जवळ नाही असा कोपऱ्यातला शॉट वेगळा, आणि स्क्रीन लावून मागे सरकून पायांची जुळवाजुळव करत मारलेला वेगळा. कॉलेजची थ्रीची रेषा २०१९-२० पासून २२ फूट पावणेदोन इंचावर आहे, एनबीएची वर २३ फूट ९ इंच आणि कोपऱ्यात २२ फूट. रेषेला पाय चिकटवून मारणारे आणि दोन फूट मागून मारणारे कोण, हे वॉर्म-अपलाच कळतं, त्यासाठी मी मॅचच्या दीड तास आधी जाऊन बसतो.

शरीराचं बोलू. घरच्यांना उंची महत्त्वाची वाटते, आम्हाला हात. विंगस्पॅन म्हणजे दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत. लेनर्ड बुटाशिवाय ६ फूट ६ इंच, पण विंगस्पॅन ७ फूट ३, आणि पंजा पसरला की सव्वा अकरा इंच. विल्यम्स उंचीला त्याच्यापेक्षा जास्त, विंगस्पॅन ७ फूट दीड इंच, वजन २४८ पाउंड. लेनर्ड २२७. लेनर्डची उडी काही विशेष नव्हती, ३२ इंच, ते बघून कोणी टाळ्या वाजवल्या नसतील. पण लांब हात आणि हलकं अंग याचा अर्थ असा की तो छोट्या गार्डपासून मोठ्या फॉरवर्डपर्यंत कोणासमोरही उभा राहू शकत होता. विल्यम्स एनबीएत गेला तेव्हा मिनेसोटाकडे मोठ्या फॉरवर्डच्या जागी केविन लव्ह आधीच होता, त्यामुळे त्याला लहान फॉरवर्डच्या जागेवर ढकललं, आणि तिथे पाय पुरेनात. हा पोरगा चांगला नव्हता असं नाही, अॅरिझोनात त्याच्या एवढा कोणी नव्हता, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणी आधी शोधलंच नव्हतं. भाच्याचा विंगस्पॅन मोजून घ्या, घरी भिंतीला पाठ लावून टेपनं मोजला तरी चालेल. ६ फूट ७ ला ६-७ च असेल तर मार्ग अरुंद आहे, ६-११ च्या पुढे असेल तर मोठी जमेची बाजू.

कॉलेज आणि एनबीएच्या नियमांतला फरक फॉरवर्डलाच सगळ्यात जास्त बोचतो, आणि हे घरचे लोक धरतच नाहीत. कॉलेजात बास्केटखालचा पेंट १२ फूट रुंद, एनबीएत १६. म्हणजे जो पोरगा पेंटच्या कडेला पाठ देऊन बॉल घेतो आणि एक ड्रिबल करून हुक मारतो, त्याला वर बास्केटपासून अजून दोन फूट लांब उभं राहावं लागतं, एकाच्या दोन ड्रिबल होतात, तेवढ्यात मदतीला माणूस येतो आणि शॉट संपला. भाच्याच्या १७ पैकी किती पॉइंट असे पाठ देऊन आलेत ते मोजा. दुसरं, एनबीएत डिफेन्सचा माणूस कोणालाही गार्ड न करता पेंटमध्ये तीन सेकंदांच्या वर उभा राहू शकत नाही. कॉलेजात राहू शकतो. त्यामुळे झोनमध्ये (माणसाऐवजी जागा राखायच्या डिफेन्समध्ये) मधोमध उभा राहून रिबाउंड गोळा करणारा फॉरवर्ड कॉलेजात राजा असतो, वर गेला की त्याला बाहेर यावंच लागतं आणि तिथे पाय उघडे पडतात. आणि मग शॉट क्लॉक (शॉट मारायला मिळणारा वेळ) ३० सेकंदांचा २४ होतो, मॅच ४० मिनिटांची ४८ होते, पस्तीसेक मॅचच्या जागी ८२.

व्हिडिओ कसा बघतो ते सांगतो, कारण हे तुम्ही पण करू शकता आणि करावं असं मला मनापासून वाटतं. मॅच लावायची आणि बॉलकडे बघायचंच नाही. चाळीस मिनिटं फक्त त्या एका पोराकडे. पहिल्यांदा फार विचित्र वाटतं, डोळे आपोआप बॉलकडे पळतात, सवय लागायला मला एक अख्खा सीझन गेला. मग दिसायला लागतं. समोरच्याला पास गेला की हा क्लोजआउटला, म्हणजे शॉट अडवायला त्याच्या अंगावर, कसा जातो? चांगला पोरगा पहिली दोन पावलं जोरात टाकतो आणि मग छोटी छोटी पावलं करत, बूड खाली ठेवून, एक हात वर ठेवून थांबतो. कच्चा पोरगा उडत जातो आणि समोरचा त्याच्या बगलेतून निघून जातो. गार्डबरोबर स्विच झाला की कंबर वळायला किती वेळ लागतो? पहिल्या ड्रिबलला हरला तर ठीक, सगळेच हरतात, पण हरल्यावर दुसऱ्या ड्रिबलपर्यंत परत अंगाला अंग लावून पोचतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉल दुसऱ्या बाजूला असताना. तेव्हा बास्केटखाली धावून जायची जबाबदारी त्या बाजूच्या शेवटच्या माणसाची असते, बहुतेक वेळा ती फॉरवर्डवरच येते. तो वेळेवर जातो का, की लेअप झाल्यावर हात वर करून दुसऱ्याकडे बघतो? हे मी मोजतो. एका मॅचमध्ये अशी मदत करायची वेळ किती वेळा आली आणि हा किती वेळा पोचला. हा आकडा कुठल्याही वेबसाइटवर मिळत नाही आणि माझ्या रिपोर्टमध्ये तो सगळ्यात वर असतो.

मॅच कोणत्या बघायच्या तेही महत्त्वाचं. एजंट हायलाइट पाठवतात, त्यात पोरगा कधी चुकतच नाही. मी हरलेल्या मॅच मागतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छोट्या कॉलेजांच्या टीम मोठ्या टीमच्या घरी जाऊन खेळतात, तिथे समोर लांब हातांचे, वजनदार, वेगवान फॉरवर्ड असतात. त्या दोन-तीन मॅच माझ्यासाठी बाकीच्या पंचवीस मॅचपेक्षा मोठ्या. तिथे २४ पॉइंट केले पाहिजेत असं अजिबात नाही. नऊ केले, पण शॉट मिळवायला धडपडावं लागलं नाही, रिबाउंडला मागे ढकलला गेला नाही, पास वेळेवर सोडला, तर मी खूश. घरच्या कॉन्फरन्समधल्या दुबळ्या टीमला ३१ मारले, ते मी पळवत पळवत बघतो.

ड्रेमंड ग्रीनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मिशिगन स्टेटमध्ये चार वर्षं खेळला, शेवटच्या वर्षी मॅचला १६ पॉइंट, दहाच्या वर रिबाउंड आणि जवळपास चार असिस्ट (साथीदाराला बास्केट करून देणारे पास). बुटाशिवाय मोजला तर ६ फूट ६ इंच पण भरत नव्हता, मोठा फॉरवर्ड म्हणून बुटका, लहान फॉरवर्ड म्हणून जाड. शब्द तोच, ट्वीनर. २०१२ ला ३५ वा गेला. त्याच्याकडे ७ फूट १ इंचाचे हात होते, आणि डोकं. तो समोरच्या टीमचा प्ले त्यांच्या आधी ओळखायचा, ओरडून आपल्या पोरांना जागेवर लावायचा, बॉल मधोमध मिळाला तर चार विरुद्ध तीनमध्ये बरोबर पास काढायचा. २०१७ ला तो डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर झाला, चार वेळा चॅम्पियन. चार असिस्ट हा फॉरवर्डसाठी फार बोलका आकडा आहे. भाच्याचे असिस्ट किती आणि टर्नओव्हर (हातातला बॉल घालवणं) किती ते तुम्ही लिहिलं नाहीत. स्टील (समोरच्याचा बॉल काढून घेणं) आणि ब्लॉक (समोरच्याचा शॉट हातानं अडवणं) पण लिहिले नाहीत. सगळे घरचे पॉइंट आणि रिबाउंड लिहितात. मला मात्र स्टील आधी बघायचे असतात, कारण स्टील म्हणजे लांब हात, चपळ पाय आणि आधीच ओळखणारं डोकं, तिन्ही एका आकड्यात.

रिबाउंडबद्दल एक. नऊ चांगले आहेत, पण त्यातले किती गर्दीत मिळवलेले आणि किती फ्री थ्रो चुकल्यावर हातात येऊन पडलेले ते बघावं लागतं. आपल्या बास्केटखालच्या रिबाउंडपेक्षा समोरच्या बास्केटखालचे मला जास्त सांगतात.

वय. तिसऱ्या वर्षाला भाचा २० चा आहे की २२ चा? अमेरिकेत कोणी एक वर्ष रेडशर्ट, म्हणजे टीममध्ये राहून मॅच न खेळता, बसतं, कोणी शाळेतच एक वर्ष जास्त काढतं, त्यामुळे वर्ग एकच असला तरी दोन वर्षांचा फरक असू शकतो. वीस वर्षांच्या पोराचे १७ पॉइंट आणि तेविशीच्या पोराचे १७ पॉइंट हे वेगवेगळे आकडे आहेत, कारण तेविशीचा पोरगा अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना अंगानं ढकलत असतो. पण इथेही डोळे मिटून चालायचं नाही. पास्कल सियाकम न्यू मेक्सिको स्टेटमधून २०१६ ला २७ वा गेला तेव्हा २२ वर्षांचा होता, त्या हिशोबानं म्हातारा. पण कॅमेरूनमध्ये तो बास्केटबॉलला लागलाच मुळी सतरा वर्षांच्या आसपास, म्हणजे खेळाच्या वयानं तो लहान होता आणि दरवर्षी झपाट्यानं बदलत होता. म्हणून मी तीनही वर्षांचे व्हिडिओ मागतो, पहिल्या वर्षाचा एक, दुसऱ्याचा एक, आत्ताचा एक. पहिल्या वर्षी डावा हात नव्हता आणि आता आहे, असं दिसलं की मला आशा वाटते. तीनही वर्षं खेळ तोच आणि फक्त मिनिटं वाढली म्हणून पॉइंट वाढले, असं दिसलं की नाही वाटत.

एक माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एक फॉरवर्ड मला फार आवडला होता, मॅचला २० पॉइंट, अंग मजबूत, मी युरोपातल्या एका क्लबला जोर लावून सुचवला. डिसेंबरमध्ये त्यांनी त्याला सोडला. पोरगा सुरुवातीपासून बेंचवरून यायचा, आणि बेंचवरून येऊन सहा मिनिटांत काही करून दाखवायची त्याला आयुष्यात कधी वेळच आली नव्हती, तो आतून खचला. मी त्याच्या कोचशी बोललो होतो, पण टीमचा फिजिओ, कपडे-सामान बघणारा मॅनेजर, आधीच्या शाळेतला कोच यांच्याशी बोललोच नाही. त्याला परदेशात एकटं पाठवून आपण काय केलं, हे मला अजून टोचतं. तेव्हापासून मी बाहेर बसवल्यावर पोरगा काय करतो ते बघतो. टाइमआउटला कोच बोलत असताना नजर कुठे असते, त्याच्याऐवजी गेलेल्या पोरानं बास्केट केली की हा उठतो का. हे सद्गुण म्हणून नाही बघत मी, आठव्या माणसाची नोकरीच ती आहे म्हणून बघतो.

आता तुमच्या मुद्द्यावर येतो, नाव टाकायचं की थांबायचं. नाव टाकणं आणि कॉलेज सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या वर्षाचा पोरगा नाव टाकून, टीमकडून मत ऐकून, ठरलेल्या तारखेच्या आत नाव मागे घेऊन परत कॉलेजात खेळू शकतो, ती तारीख साधारण मेच्या शेवटाला असते, शिकागोतल्या कम्बाइननंतर (ड्राफ्टआधीची मोजमापं आणि चाचण्या). फक्त एजंटशी जे काही होईल ते एनसीएएच्या नियमात बसतंय का ते कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसात (नियम पाळले जातायत का ते बघणाऱ्या) लेखी विचारून घ्या, तोंडी नको. मत ऐकायला काहीच हरकत नाही, उलट पोराला स्वतःच्या कानांनी कळतं की काय कमी पडतंय. पण एक वर्ष थांबण्याची किंमत आता पूर्वीसारखी राहिली नाही. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना नाव आणि चेहरा वापरून पैसे घेता येतात, दुसऱ्या रांगेतल्या फॉरवर्डला मोठ्या कॉलेजात ट्रान्स्फर होऊन जे मिळतं ते टू-वे कॉन्ट्रॅक्टच्या बरोबरीचं किंवा जास्तही असू शकतं. आणि तिथे गेला तर रोज प्रॅक्टिसला लांब हातांचे पोरगे समोर येतात. माझा कल तिकडेच आहे, पण फक्त अट अशी की तिथे त्याला खेळायला मिळणार असेल. मोठ्या कॉलेजात जाऊन आठ मिनिटं मिळाली तर वर्ष वाया. चौथ्या वर्षानंतर व्हर्जिनियात पोर्ट्समाउथला शेवटच्या वर्षाच्या पोरांची टूर्नामेंट होते, एप्रिलमध्ये, ड्राफ्टमध्ये नाव नसणाऱ्यांसाठी ती मोठी संधी असते, आमच्यासारखे सगळे तिथे असतात.

आणि कृपा करून घरात 'प्रो' म्हणजे फक्त एनबीए असं बोलू नका. हे मी फार कळकळीनं सांगतोय, कारण या एका शब्दामुळे चांगली पोरं वर्षानुवर्षं स्वतःला नापास समजतात. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमात थ्रीची रेषा ६.७५ मीटर, म्हणजे बरोबर कॉलेजएवढीच, मॅच ४० मिनिटांची, आणि पेंटमध्ये उभं राहायला डिफेन्सला तीन सेकंदांचं बंधन नाही. म्हणजे एनबीएत पायांमुळे उघडा पडणारा फॉरवर्ड जर्मनी, स्पेन, जपानमध्ये उत्तम दहा-बारा वर्षं खेळू शकतो, घर घेऊ शकतो, जग बघू शकतो. डेरिक विल्यम्स पण एनबीएनंतर म्युनिक, इस्तंबूल, तेल अवीव असा मोठ्या क्लबांतून खेळला, दुसऱ्या नंबरला गेला म्हणून त्याला फसलेला म्हणतात, पण प्रो तो होताच की. मात्र परदेशी खेळाडूंच्या जागा प्रत्येक टीमला मोजक्याच असतात, त्यामुळे अमेरिकन पासपोर्टच्या पोराकडून तिथे पहिल्या दिवसापासून काम मागतात, शिकायला वेळ देत नाहीत. एनबीएत एकोणीस वर्षांच्या पोराची वाट बघतात. युरोपात तुमची कोणी वाट बघत नाही. म्हणून तिकडे जाताना खेळ तयार असावा लागतो, आणि म्हणूनही मला चौथं वर्ष पटतं.

न बघता मी भाच्याबद्दल हो किंवा नाही सांगणार नाही. तीन मॅच पाठवा, पूर्ण चाळीस मिनिटांच्या, कापलेल्या नकोत. एक या सीझनमधली मोठ्या टीमकडून हरलेली, एक कॉन्फरन्समधली ज्यात त्याला फाउलमुळे बाहेर बसावं लागलं, आणि एक पहिल्या वर्षाची. सोबत जन्मतारीख, विंगस्पॅन, स्टील, असिस्ट, टर्नओव्हर, आणि थ्री व फ्री थ्रो दोन्हीचे किती मारले आणि किती गेले ते. तिन्ही वर्षांचे. मी पंधरा दिवसांत बघून सरळ काय ते लिहीन, आणि त्याला विचारून पाठवा, त्याच्या मागे नको.